अंगठ्याचे तीस टक्के

(नागपुरात इंदोरा भागात तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेतलं. बोलणाऱ्यानं एकदा हात फिरवला आहे.)



मला कविता वाचायला बोलावलंय. पत्रकावर नावापुढे 'कवी' असं छापलंय. पण आज खिशात कविता नाही. खिशात एक बिल आहे, तेच वाचतो. कविता झाली की तुम्ही टाळ्या वाजवता, चहा पिता, घरी जाता. बिल ऐकून काय करता ते पाहू.

ऑपरेशन थिएटर, १८,००० रुपये. सर्जन, २५,०००. भूल देणारा डॉक्टर, ८,०००. खाट, सहा दिवस, रोजचे २,५०० प्रमाणे १५,०००. औषधं, १४,३००. ड्रेसिंग, ३,६००. इतर, २,५००. 'इतर' म्हणजे काय असं विचारलं तर काउंटरवरची बाई म्हणाली, इतर म्हणजे इतर. एकूण ८६,४०० रुपये.

हे बिल उजव्या हाताचा अंगठा कापल्याचं आहे. जोडल्याचं नाही, कापल्याचं.

नागपुरात समुद्र नाही हे चौथीतल्या पोरालाही माहीत आहे. पण गोदी आहे. तिला कोरडी गोदी म्हणतात. इथं जहाज लागत नाही, मालगाडी लागते. कंटेनर उतरतात, भरतात, पुन्हा चढतात. कस्टमचं सील इथंच लागतं आणि माल मुंबईकडच्या बंदरातून थेट बोटीवर जातो. सील कंटेनरला लागतं. आत थप्पी लावणारा हात मात्र उघडाच. त्या हाताची नोंद कुठल्याच कागदावर नसते. हात तुटला की मग कागद निघतो. त्या कागदाबद्दलच बोलायला उभा आहे.

२०२४ चा पावसाळा. रात्रपाळी. तांदळाची पोती भरून झाली होती. आमच्या टोळीतला एक भाऊ, वय तीस, घरात बायको, दोन लेकरं, म्हातारी. त्यानं कंटेनरचं दार ओढलं. पत्र्यावर पाणी, पायाखाली चिखल. दुसऱ्या बाजूनं धक्का बसला आणि दार न् चौकट यांच्या फटीत अंगठा सापडला. तो ओरडलासुद्धा नाही. नुसता म्हणाला, "पाय ना भाऊ, काय झालं." मी पाहिलं. पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ठेकेदाराची जीप आली. मेडिकल जवळ, मेयोही फार लांब नाही. पण जीप नेली एका खासगी दवाखान्यात. का? सरकारी दवाखान्यात पोलीस केस होईल अशी त्यांची समजूत असावी. खासगी दवाखान्यातही डॉक्टरनं नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलंच, हा भाग वेगळा. ठेकेदाराच्या माणसानं काउंटरवर १०,००० भरले. "बाकीचं पाहू उद्या," म्हणाला. तो उद्या अजून उजाडायचा आहे.

त्याच रात्री, दवाखान्याच्या बाकड्यावर, मुनशीनं माझ्यापुढं एक कागद ठेवला. "अबे, तू तं शिकेल हायेस. साक्षीदार म्हणून कर सही. इन्शुरन्सले पाह्यजे." मी मॅट्रिक. टोळीत सगळ्यात जास्त शिकलेला. मासिकात माझ्या कविता छापून येतात. शब्दाला शब्द लावणारा माणूस मी. आणि मी तो कागद न वाचता सही केली.

साथींनो, ही गोष्ट सांगायला मला दीड महिना लागला. आधी त्याला सांगितली, मग आईला, आता तुम्हाला सांगतोय.

कागदावर लिहिलं होतं, कामगार दारू प्यायलेला होता.

दारूच का लिहिली? निष्काळजी होता असं का नाही लिहिलं? याचं उत्तर कायद्यात आहे. मुनशीला कायदा माहीत होता, मला नव्हता. इंग्रजानं १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला, १ जुलै १९२४ पासून लागू केला. त्या कायद्याचं म्हणणं असं, की काम करताना, कामामुळे अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यायची. कामगाराचा निष्काळजीपणा हे कारण चालत नाही. मालकाला सुटायला वाटा तीनच. एक, कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता आणि अपघात थेट त्यामुळे झाला. दोन, सुरक्षेसाठी दिलेला हुकूम त्यानं जाणूनबुजून मोडला. तीन, सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं. माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला तर या तिन्ही वाटाही बंद.

आमच्याकडे सुरक्षेचं साधनच दिलेलं नव्हतं. हातमोजा नाही, बूट नाही. म्हणजे तिसरी वाट बंद. लेखी हुकूम नाही, म्हणून दुसरी बंद. राहिली दारू. आणि हमाल म्हटला, आपल्या वस्तीतला म्हटला, की दारू आपोआप चिकटते. पुराव्याची गरज लागत नाही, आडनाव पुरतं. शिवाय साक्षीदार त्याच्याच टोळीतला, मॅट्रिक पास, त्याच्याच जातीचा. काय पक्कं काम केलं बघा मुनशीनं!

पंधरा दिवसांनी दुसरा कागद आला. स्टँपपेपर. तीस हजार रुपये घेतले, औषधपाणी, नुकसानभरपाई, सगळं मिळालं, पुढं कसलीही तक्रार नाही. तो भाऊ आठवी शिकला आहे, सही करतो. पण सही करायचा हात पट्टीत. मुनशी म्हणाला, "सही राहू दे. अंगठा दे. डावा."

उजवा गेला त्याची किंमत ठरवायला डावा मागितला. द्रोणाचार्यानं निदान स्टँपपेपर तरी आणला नव्हता.

त्यानं अंगठा दिला नाही. कागद घेऊन रात्री माझ्या घरी आला. म्हणाला, "भाऊ, वाचून दाखव बरं, काय लिहून हाये याच्यात." आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एखादा कागद कवितेपेक्षा नीट वाचला.

इथून पुढं मी जे शिकलो ते तुम्हाला सांगतो. वकील दिले आपल्याच एका मित्रानं. पण वाचायचं काम मीच केलं. न वाचल्याची फेड म्हणून.

पहिलं. अंगठ्याला भाव आहे. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात शरीराच्या तुकड्यांची यादी आहे, बाजारातल्या भावफलकासारखी. अंगठा, ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली, १४. मधलं बोट, १२. करंगळी किंवा तिच्या शेजारचं, ७. हे टक्के म्हणजे कमावण्याची ताकद तेवढी गेली असं धरायचं. हिशोब असा: महिन्याचा पगार, त्याचे ६० टक्के, गुणिले वयाचा आकडा. तिशीच्या माणसाचा आकडा २०७.९८. पगार दहा हजार धरा. सहा हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १२,४७,८८०. त्याचे तीस टक्के, ३,७४,३६४ रुपये. पगार कितीही असो, हिशोबाला जास्तीत जास्त किती धरायचा तेही सरकार ठरवतं. ३ जानेवारी २०२० पासून ती मर्यादा १५,००० आहे.

तीन लाख चौऱ्याहत्तर हजार कुठे आणि तीस हजार कुठे! आणि त्या तिसात दवाखानाही आला.

हे टक्के दगडावरची रेघ नाहीत. ओडिशातल्या जयपूर गावात १९६८ साली एक सुतार थिएटरच्या कामावरून पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, यादीप्रमाणे टक्के द्या. सुप्रीम कोर्टानं प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्यात, १९७५ च्या डिसेंबरात, सांगितलं: सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. शिवाय पैसे देणं लागतात ते अपघाताच्या दिवसापासून, निकालाच्या दिवसापासून नव्हे. तेव्हा हमालाच्या बाजूनंही विचारता येतं: अंगठ्याविना पोतं धरून दाखवा, साहेब. आकडा हातात रुतवून दाखवा.

दुसरं, म्हणजे आजचा मुख्य मुद्दा. दवाखान्याचं बिल.

१९२३ च्या कायद्यात तुटलेल्या हाताचा भाव होता, हात तुटल्यावर लागणाऱ्या डॉक्टरचा नव्हता. ऐंशीच्या वर वर्षं हमालानं, गिरणी कामगारानं, खाणीतल्या माणसानं भरपाई घेतली ती डॉक्टरच्या टेबलावर ठेवून यायला. २००९ साली दुरुस्ती झाली, १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली. तेव्हा 'वर्कमन' गेला, 'एम्प्लॉयी' आला आणि कलम ४ मध्ये एक छोटं पोटकलम आलं, २-अ. कामाच्या ओघात झालेल्या इजेवर कामगारानं केलेला प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च त्याला परत मिळेल. एवढंच. एका वाक्याचं पोटकलम.

त्यातला एक शब्द धरून ठेवा: प्रत्यक्ष. कायद्यात दरपत्रक नाही. सरकारी दरानं असं लिहिलेलं नाही. अमुक दवाखान्यातच जा असं लिहिलेलं नाही. जेवढा खरोखर झाला तेवढा.

मग आमच्या दाव्यात समोरचा वकील काय म्हणाला? म्हणाला, हे ऑपरेशन केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दरानं पुष्कळ कमीत होतं. खासगीत जायला कोणी सांगितलं होतं. फार तर सरकारी दरानं देऊ. विमा कंपनीचा वकील म्हणाला, पॉलिसीत वैद्यकीय खर्चाचा जादा हप्ता भरलेलाच नाही, आमचा संबंध भरपाईशी, बिलाशी नाही. दवाखाना म्हणाला, आमचा दर तो आमचा दर. तिघांनी आपापला दर सांगितला. आमच्या भावाच्या बायकोनं डोरलं मोडलं.

मला वाटलं, हे सरकारी दराचं भूत फक्त आमच्याच मानगुटीवर बसलंय की काय. शोधत गेलो. तर कोर्टात त्याची मोठी वंशावळ निघाली. ऐका, कारण कोण लढला आणि कोण लढलाच नाही हे त्यातून कळतं.

पंजाब सरकारचा एक नोकर लंडनमध्ये असताना आजारी पडला, हृदयाचं ऑपरेशन तिथंच केलं. सरकार म्हणालं, दिल्लीच्या सरकारी इस्पितळाच्या दरानं घे. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सुरजित सिंगच्या खटल्यात सांगितलं, तेवढ्यात भागवू नका, दिल्लीतल्या खासगी एस्कॉर्ट्स इस्पितळाच्या दरानं द्या. पंजाब सरकारनं तोवर नवं धोरण आणून दर बांधले होते. त्याला आव्हान गेलं आणि १९९८ साली, राम लुभाया बग्गाच्या खटल्यात, कोर्ट सरकारच्या बाजूनं झुकलं. सरकारची थैली अमर्याद नाही, दर बांधणं बेकायदा नाही. मग २०१८ च्या एप्रिलमध्ये शिवकांत झा विरुद्ध भारत सरकार. निवृत्त केंद्रीय अधिकारी. खासगी इस्पितळात हृदयाचे उपचार घेतले, खात्यानं दरपत्रक दाखवून रक्कम कापली. कोर्टानं झापलं: माणसानं खरोखर उपचार घेतले का, नोंद आहे का, हे पाहा, इस्पितळाचं नाव तुमच्या यादीत नाही एवढ्यावरून हक्क नाकारू नका.

चांगलं झालं. मला त्या अधिकाऱ्याचा राग नाही. म्हातारपणी सरकारशी भांडला, जिंकला. पण साथींनो, अधिकाऱ्याच्या छातीचं बिल सुप्रीम कोर्टापर्यंत जातं आणि हमालाच्या अंगठ्याचं बिल ठेकेदाराच्या टेबलाच्या खाली जातं. ज्याला कायद्यानं दराची मर्यादाच घातलेली नाही, ज्याच्यासाठी 'प्रत्यक्ष' असा शब्द लिहून ठेवलाय, त्याला तो शब्द माहीत नाही. आणि ज्याला मर्यादा होती त्यानं ती फोडली.

आता आपल्या नागपूरचं. २०२० चं करोनाचं साल. राज्य सरकारनं फर्मान काढलं, खासगी दवाखान्यातल्या ८० टक्के खाटांचे दर सरकार ठरवेल. करोनाच्याच नाही, इतर रुग्णांचेसुद्धा. नागपुरातल्या हॉस्पिटलवाल्यांची संघटना मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेली. २०२० च्या ऑक्टोबरात निकाल लागला: करोना नसलेल्या रुग्णांचे दर ठरवायचा अधिकार या कायद्यांखाली सरकारला नाही. तेवढा भाग रद्द.

निकाल वाचून मी आधी चिडलो. मग परत वाचला. कोर्टानं सांगितलं ते एवढंच, की ज्या कायद्यांचा हात धरून तुम्ही दर बांधताय त्या कायद्यांत तो अधिकार नाही. अधिकार पाहिजे तर कायदा करा. कायदा कोणी करायचा? विधानसभेनं. हिवाळी अधिवेशन कुठं भरतं? आपल्याच गावात. आपण मोर्चे काढतो, पण 'दवाखान्याचे दर बांधणारा कायदा करा' असा फलक मी तरी एकाही मोर्च्यात पाहिला नाही. माझ्याही हातात नव्हता.

म्हणजे बघा. दवाखान्याला दर नकोत, तो कोर्टात जातो. अधिकाऱ्याला दर पुरत नाहीत, तो कोर्टात जातो. ठेकेदाराला एरवी कायदा नको असतो, पण बिल द्यायची वेळ आली की सरकारी दर त्याला एकदम पवित्र वाटतात. दर ठरवणाऱ्यांत हमाल नाही, दर मोडणाऱ्यांत हमाल नाही. दर आणि खर्च यांच्यामध्ये जी फट राहते, तिच्यात अंगठा मात्र त्याचाच सापडतो.

मग दर बांधू नयेत असं माझं म्हणणं आहे का? नाही. दर पाहिजेत. पण ते दवाखान्याला बांधणारे पाहिजेत, जखमीला नव्हे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत कामगार भरपाईच्या डॉक्टरांचे दर सरकारी नियमानं ठरतात. टेक्सासमध्ये जखमी कामगारांना हेलिकॉप्टरनं नेणारी कंपनी विमावाल्यांशी वर्षानुवर्षं भांडली, की राज्याचे दर आम्हाला लागू नाहीत. २०२० च्या जूनमध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं, लागू आहेत. अमेरिका काही आमचा स्वर्ग नाही. त्याच टेक्सासमध्ये खासगी मालकाला या विम्यात येण्याचीसुद्धा सक्ती नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथं योजनेतल्या कामगाराकडून वरचे पैसे वसूल करायला बंदी आहे. डॉक्टर, कंपनी, विमा, भांडा काय भांडायचं ते. कामगार खाटेवर झोपलेला, बिल त्याच्या हातात नाही.

आपल्याकडे उलटं. 'परतफेड' म्हणजे काय? आधी तू भर, मग मागत फीर. आधी भरायला पैसा असता तर तो रात्रपाळीत पोती उचलायला गेला असता का? परतफेडीचा हक्क हा खिशात पैसे असणाऱ्याचा हक्क आहे. कायदा आपल्या बाजूनं लिहिलाय, पण आपल्या खिशाकडे पाहून लिहिलेला नाही.

बाबासाहेबांनी हा खिसा पाहिला होता. १९४२ चा जुलै. याच नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन जन्माला आलं आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्यांच्या खात्याच्या काळात अडारकरांना कामगार आरोग्य विम्याची योजना आखायचं काम दिलं गेलं, १९४४ साली अहवाल आला, त्यातून १९४८ चा ईएसआयचा कायदा उभा राहिला. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. तिचं मूळ तत्त्व वेगळं आहे: वर्गणी आधी, उपचार लगेच, बिल कामगाराच्या हातात नाही. १९२३ चा कायदा म्हणतो, तुटल्यावर मोजू. ईएसआय म्हणतो, तुटायच्या आधी तजवीज करू.

पण ईएसआयचं दार किती जणांना उघडतं? २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,०००. त्यात आम्ही बसतो, आमचा पगार कमीच आहे! पण ठेकेदार हजेरीवर नावच घेत नाही, किंवा पगारातून कापतो आणि भरत नाही. आज घरी जाऊन आपला ईएसआय नंबर विचारा. नंबर असेल तर उपचार तिथं, पैसेही तिथंच. मग मालकाविरुद्ध भरपाईचा दावा चालत नाही. नंबर नसेल तर जबाबदारी मालकाची. आणि ठेकेदार पळाला तर मूळ मालकाची, हेही १९२३ पासून कलम १२ मध्ये आहे.

ठेकेदाराची आणखी एक युक्ती. "रेशनकार्ड आण, फुले योजनेत बसवून देतो." महात्मा फुल्यांच्या नावाची योजना गरिबाच्या आजारासाठी आहे. ठेकेदाराचं देणं फेडायला नाही. जोतिबाच्या नावामागे ठेकेदार लपतो आणि आपण म्हणतो, किती चांगला माणूस, फुकटात करून दिलं.

कलकत्त्याकडचा एक शेतमजूर १९९२ साली गाडीतून पडला, डोक्याला मार. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी 'खाट नाही' म्हणून हाकललं. शेवटी खासगीत सुमारे १७,००० खर्च झाले. त्याची शेतमजुरांची समिती त्याच्या सोबत सुप्रीम कोर्टात गेली. १९९६ साली कोर्टानं २५,००० द्यायला लावले आणि सांगितलं, वेळेवर उपचार न देणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग. तो एकटा गेला असता तर? गेलाच नसता. समिती होती म्हणून गेला. आपल्याकडे समिती कुठं आहे?

इथं जवळच दहा नंबर पुलाजवळ नामांतर शहिदांचं स्मारक आहे. नावासाठी आपल्या पोरांनी गोळ्या झेलल्या. त्या नावाच्या विद्यापीठात शिकून वकील झालेले आपले लोक आज शेकड्यानं आहेत. पण कामगार कोर्टाच्या पायऱ्यांवर मी सहा तारखा उभा होतो. सोबत होती फक्त एक बाई, मोडलेल्या डोरल्याची.

आता कामाचं सांगतो, लिहून घ्या.

अपघात झाला की डॉक्टरला सांगा, कामावर झालं. केसपेपरवर तसं लिहून घ्या. पोलिसांना कळवायला लावा. आमच्या भावाच्या पहिल्या तपासणीच्या कागदावर डॉक्टरनं एक ओळ लिहिली होती: दारूचा वास नाही. मुनशीच्या स्टेटमेंटला आज तीच ओळ अडवून उभी आहे. बिल तपशीलवार मागा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार दवाखान्यानं दरपत्रक लावायचं आहे, त्याचा फोटो काढा. औषधाची चिठ्ठी न् चिठ्ठी ठेवा, रिक्षाच्या पावतीसकट. हक्क सोडल्याचा कुठलाही करार कायद्यानं रद्दबातल आहे, तरी अंगठा देऊ नका. रद्द ठरवायला वर्षं जातात. मालकाला लेखी कळवा. दावा दोन वर्षांच्या आत लावा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर बारा टक्के व्याज आणि पन्नास टक्क्यांपर्यंत दंड मागा.

कोणी म्हणेल, जुना कायदाच गेला. बरोबर आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, १९२३ चा आणि १९४८ चा दोन्ही कायदे तिच्यात गेले. कमिशनरच्या जागी 'सक्षम प्राधिकारी' आला. पण टक्क्यांची पद्धत राहिली, प्रत्यक्ष वैद्यकीय खर्चाची परतफेडही राहिली. 'परतफेड' हा शब्दसुद्धा राहिला. म्हणून आपली मागणी एका ओळीची: परतफेड नको, थेट भरणा पाहिजे. पहिल्या रात्रीपासून, मालकानं, दवाखान्याला. दरावरून भांडायचं ते त्या दोघांनी, जखमीच्या खाटेपासून दूर.

आता शेवटचं. पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. मला कोर्टात सांगायचंय, ती सही माझीच आहे आणि तो मजकूर खोटा आहे. समोरचा वकील विचारणार, तुम्ही मॅट्रिक आहात, कवी आहात, आणि न वाचता सही करता? हो म्हणावं लागेल. भर कोर्टात. मुकादमानं परवा सांगितलं, "साक्षीले गेला तं टोळीत याचं नाई." घरात आई आहे, भाड्याची खोली आहे. रात्री झोप लागत नाही, खोटं कशाला बोलू.

पण जाणार आहे. त्या भावानं परवा डाव्या हातानं सही करून दाखवली. सहा महिने पोराच्या पाटीवर गिरवत होता. अक्षर वाकडं आहे, पण नाव पूर्ण आहे.

तारखेला कोण कोण येतंय? टाळ्या नकोत. हात वर करा, मी मोजतो.

जयभीम.